हरवलेल्या म्यानांचा इतिहास

संग्रहालयांत पाती पुष्कळ दिसतात, म्याने क्वचित. पाते दगडाचे किंवा धातूचे असते, ते उरते. म्यान चामड्याचे, लाकडाचे किंवा वाखाचे असते, ते कुजते. त्यामुळे सुरीचा इतिहास लिहिताना आपण निम्मीच वस्तू पाहत आलो, असे मला वाटते.

१९ सप्टेंबर १९९१ रोजी आल्प्समध्ये, इटली-ऑस्ट्रिया सीमेजवळ ३,२१० मीटर उंचीवर, वितळत्या बर्फात एक मृतदेह सापडला. पुढे ‘ओत्सी’ या नावाने ओळखला गेलेला हा माणूस पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. त्याच्या तांब्याच्या कुऱ्हाडीचा बोलबाला झाला. मला त्याची सुरी अधिक मोलाची वाटते, कारण ती म्यानासह टिकली.

सुरी जेमतेम १३ सेंटिमीटरची. पाते चकमकीच्या दगडाचे, मूठ अ‍ॅशच्या लाकडाची, मुठीच्या टोकाला दोरी. म्यान त्रिकोणी, सुमारे १२ सेंटिमीटरचे, लिंडन झाडाच्या अंतर्सालीच्या वाखाचे विणलेले; कमरपट्ट्याला अडकवण्यासाठी बाजूला चामड्याची कडी. म्हणजे पात्यासोबत बरीचशी मूठही आत जात असावी आणि सुरी उपसायला दोरी उपयोगी पडत असावी, असा माझा तर्क आहे.

चामड्याची वाण नव्हती. त्याच्या कमरेची पिशवी वासराच्या कातड्याची होती. तरीही म्यानासाठी त्याने वाख घेतला. साल भिजवून, सोलून, वळून, मग त्याच एका सुरीच्या मापाने विणायचे, हे काम पाते घडवण्याहून कमी कौशल्याचे नाही. आपल्याकडे अंबाडीचा वाखही असाच भिजवून काढतात. लिंडन आणि अंबाडी आज एकाच, जास्वंदीच्या कुळात गणली जातात.

डेन्मार्कच्या ख्रिश्चन थॉमसेन यांनी १८३६ मध्ये प्राचीन काळाची पाषाण, कांस्य आणि लोह अशी युगे छापून मांडली. ही नावे टिकलेल्या वस्तूंवरून पडली. जे कुजले, त्याच्या नावे युग नाही.

कोकणात नारळाच्या झाडावर चढणाऱ्याच्या कमरेला लाकडी आकडी असते आणि तिच्यात कोयती. कोयती भंगारातही उरेल. आकडी चुलीत जाण्याआधी तिचे माप, लाकूड आणि ती करणाऱ्याचे नाव लिहून ठेवायला हवे.