उत्तरांची फ्लॉपी

मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. संगणकावर मी काय बोलणार? पण ही गोष्ट माझ्या कवितेशीच जोडलेली आहे.

२००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कॉम्प्युटर क्लास वाढू लागले. अशाच एका क्लासात माझा पुतण्या कामाला होता. वीस संगणक. प्रत्येकावर विंडोज एक्सपी टाकायची म्हणजे समोर बसून उत्तरं द्यायची. करार मान्य? नाव काय? पासवर्ड? घड्याळ कुठल्या देशाचं? त्यात भारनियमन. मध्येच लाईन गेली की पुन्हा पहिल्यापासून!

मग त्यानं सगळी उत्तरं आधीच एका फाइलीत लिहिली. ‘विनएनटी डॉट सिफ’ हे तिचं ठरलेलं नाव. सीडीबरोबर ही फ्लॉपी घातली की यंत्र माणसाला न विचारता तिच्यातूनच वाचून घेई. भारतीय वेळेसाठी १९० हा आकडा. करारासाठी एक ओळ : न वाचताच मान्य. (एरवी तरी कोण वाचतो म्हणा!)

युक्ती त्याची नव्हे. सन कंपनीच्या सोलॅरिसचं ‘जम्पस्टार्ट’, रेड हॅट लिनक्सचं ‘किकस्टार्ट’, विंडोज एनटीची उत्तरांची फाइल, हे सगळं १९९० च्या दशकातलं. ज्यांच्याकडे शेकडो यंत्रं, त्यांची ती गरज होती.

एकदा मुंबईच्या एका संपादकांची ई-मेल आली, युनिकोड मराठीत. क्लासात जाऊन उघडली, तर नुसते चौकोन. “चाचा, शेजारच्या मशीनवर बघा.” तिथंही चौकोन. विसाच्या वीस यंत्रांवर तेच!

एक्सपीला देवनागरी येत होती, पण इंग्रजी आवृत्तीत ती आपोआप बसत नसे, मागावी लागे. उत्तरांच्या फाइलीत भाषांचे गट आकड्यांनी लिहायचे : भारतीय लिपींचा १५, अरबीचा १३. पुतण्यानं वेळ भारताची लिहिली, लिपी लिहायची राहिली. मराठीला कुणी नको म्हटलं नव्हतं. त्या फाइलीत तिचा विषयच निघाला नव्हता. हातानं एकेक यंत्र बसवताना एखाद्यावर चूक झाली असती. इथं एक ओळ सुटली ती वीस ठिकाणी सुटली.

२००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या व्हिस्टापासून भारतीय लिपी आपोआप बसू लागल्या. एक्सपीचा आधार कंपनीनं ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. त्या संध्याकाळी मात्र फ्लॉपी काही कामाची नव्हती. पोरगा सीडी घेऊन एकेका यंत्रासमोर बसला, खूण करून लिपी बसवत गेला.

पहिल्याच यंत्रावर चौकोनांची अक्षरं झाली. संपादकांनी कविता साभार परत केली होती.