शिवारातली शक्ती: मोटेपासून ड्रोनच्या बॅटरीपर्यंत

मराठवाड्यातील घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगाव आणि गोदाकाठच्या गावांत शेतीची शक्ती पिढ्यान्‌पिढ्या बैलांचीच होती. निजामाच्या राजवटीत विहिरीचे पाणी मोटेने निघे. बैलजोडी धावेवरून उतरली की भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई.

पुढे इंजिन आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. हँडल मारून सुरू होणारे डिझेल इंजिन बैलगाडीत घालून दुसऱ्या विहिरीवर नेता येई. काम जिथे, तिथे शक्ती न्यायची ही रीत तेव्हापासूनची.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. तारा हळूहळू शिवारात पोचल्या, जायकवाडीच्या डाव्या कालव्याने तालुक्यात ऊस वाढवला आणि इंजिनाची जागा मोटारीने घेतली. तरी वीज हवी तेव्हा मिळेलच असे नव्हते. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ लागे तेव्हा अनेक खेड्यांत टीव्हीला ट्रॅक्टरची बॅटरी जोडली जाई.

शेतीच्या अनेक फीडरवर आजही थ्री फेज वीज पाळीपाळीने येते: दिवसा आठ तास, नाहीतर रात्री आठ ते दहा तास. मोटारीचे यावर कसेबसे भागते, पण आता शिवारात येऊ लागलेल्या फवारणीच्या ड्रोनचे भागत नाही. फवारणी वारा पडलेल्या वेळी, सकाळी लवकर किंवा सायंकाळी करायची असते आणि त्या वेळी डीपीवर वीज असेलच याची खात्री नसते. ड्रोनची गरज मात्र खरी आहे. डोक्यावर गेलेल्या उसात पाठीवरचा पंप घेऊन शिरता येत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, हेही विसरता येणार नाही.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची ही योजना दिवसाला वीस एकर फवारणी गृहीत धरते आणि त्यासाठी नेहमीच्या बॅटरी-संचाबरोबर चार जादा संच देते. दहा लिटरच्या ड्रोनचा एक संच साधारण एका एकराला पुरतो. तो भरायला जवळपास एक युनिट लागते, म्हणजे दिवसाला वीसेक युनिट. म्हणून बांधावर पेट्रोलचा जनरेटर येतो आणि इंजिन वाहून नेण्याची जुनी रीत पुन्हा सुरू होते. उतरलेली बॅटरी गरम असते. सावलीत निवू दिल्याशिवाय ती चार्जिंगला लावणे धोक्याचे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात निवायला आणखी वेळ लागतो.

जनरेटरऐवजी सौर वीज वापरावी, तर एक किलोवॉटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला चार-पाच युनिट देते. एवढ्यावर ड्रोनचा दिवस निघत नाही. पण पाच अश्वशक्तीच्या सौर कृषिपंपाला ४,८०० वॉटची पॅनेल असतात, त्यांतून वीसेक युनिट निघू शकतात. पिकाला पाणी नको असलेल्या दिवशी ती नुसती पडून राहतात, कारण साध्या कंट्रोलरवर फक्त पंप चालतो. केंद्राच्या ‘कुसुम’ योजनेत पंपाखेरीज इतर यंत्रे चालवणाऱ्या युनिव्हर्सल कंट्रोलरची तरतूद आहे. सौरपंप घेताना शेतकऱ्यांनी तोच मागावा आणि ड्रोन चालवणाऱ्या बचत गटांना त्यावर बॅटरी भरू द्यावी.