यात तारीख आहे का?

वाघोलीच्या टपालात येरवड्याचं पत्र हाताला लगेच कळायचं. अंतर्देशीय पत्रावर कारागृहाचा शिक्का असायचा, आणि मजकूर आधीच तुरुंगात कोणीतरी वाचलेला असल्यामुळे कड चुरगळलेली. तुरुंग इथून नगर रस्त्याने दहा-अकरा किलोमीटर. सायकलवर जाऊन यावं एवढंच अंतर, पण पत्राला चार-पाच दिवस लागत.

1980 नंतरच्या त्या वर्षांत माझ्या बीटात दगडखाणीची वस्ती होती. तिथल्या एका बाईचा मुलगा खुनाच्या खटल्यात आत होता. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली होती. अशी शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, हे तिला वकिलाने सांगितलं असणार. तिच्या लक्षात मात्र एकच शब्द राहिला होता, तारीख. पत्र हातात दिलं की म्हणायची, "भाऊ, यात तारीख आहे का?" मी उघडून वाचायचो. तारीख नसायची. साबण संपलाय, धाकटीला शाळेतून काढू नका, एवढंच असायचं. पुढे तिने मला विनवलं की पत्र झोपडीवर आणू नका, क्रशरच्या वजनकाट्यापाशी द्या. खाकी कपड्यातला माणूस दारात दिसला की नळावरच्या बायका बोलायच्या थांबत. धाकटीची सोयरीक दोनदा मोडली होती.

तेव्हापासून फाशीबद्दल मिळेल ते वाचायची खोड लागली. पण वाचन पोस्टमनचं. गुन्हा काय, कलम कोणतं, यापेक्षा घरी निरोप कधी पोचला आणि कोणी नेला, हे मी आधी शोधतो.

पेशवाईत निरोप न्यायची गरजच नव्हती, सगळा गाव बघायचा. एप्रिल 1801 मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायाला बांधून मारलं. विठोजीने मुलुखात धामधूम केली होती, हे खरं. पण त्याचा भाऊ यशवंतराव होता. पुढच्याच वर्षी, 25 ऑक्टोबर 1802 ला, ऐन दिवाळीत, तो फौज घेऊन हडपसरला उभा राहिला. वाघोलीहून बघाल तर मुळा-मुठेपलीकडे. पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या, बाजीराव पुणं सोडून पळाला आणि 31 डिसेंबरला वसईत इंग्रजांशी तह करून बसला. मराठी राज्य बुडण्याची कारणं पुस्तकांत पुष्कळ दिलेली असतात. त्यांत एका भावाचं दुःख किती धरायचं, ते इतिहासकारांनी ठरवावं. मी मोठं धरतो.

इंग्रजांनी हत्ती बंद केला आणि शिक्षा भिंतीआड नेली. चापेकरांची गोष्ट आपण शाळेत शिकतो ती 22 जून 1897 च्या रात्रीची. गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली, तिथवर. पुढचं मला जास्त छळतं. दामोदरला 18 एप्रिल 1898 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याचं नाव सरकारला सांगितलं द्रविड बंधूंनी. बक्षीस वीस हजारांचं होतं. फेब्रुवारी 1899 मध्ये वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे वेष पालटून रात्री द्रविडांच्या दारात गेले आणि पोलिसांच्या ब्रुइन साहेबांनी बोलावलंय, असा खोटा निरोप दिला. दोघं भाऊ बाहेर पडले ते मरायलाच. निरोप्याच्या धंद्यातला माणूस म्हणून हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

मग मे महिन्यात फाशी. 8 तारखेला वासुदेव, 10 ला रानडे, 12 ला मधला भाऊ बाळकृष्ण. एक दिवसाआड. चिंचवडचा चापेकर वाडा आज स्मारक आहे, लोक मुलांना घेऊन जातात. मीही नातवाला नेलं. तो पिस्तुलाचं विचारत होता आणि मी मधल्या दोन दिवसांचा विचार करत होतो. 9 तारखेला आणि 11 तारखेला त्या घरात चूल पेटली असेल का? तीन भावांच्या तीन बायका मागे राहिल्या. द्रविडांच्या घरीही दोन मुलगे गेलेच. त्या घरासाठी आपल्याकडे एक हळवा शब्दही नाही. फितुरांना आई नसते, असं आपण धरून चालतो.

आता कोणी म्हणेल, देशभक्तांची गोष्ट वेगळी. मग वेगळी घ्या. 1976 च्या जानेवारीपासून 1977 च्या मार्चपर्यंत जोशी-अभ्यंकर खून म्हणून ओळखले जाणारे दहा खून झाले. तेव्हा मी नोकरीत नवा होतो. अंधार पडला की पुण्यात दारं आतून लागत, तार घेऊन गेलो तरी लोक खिडकीतून नाव विचारत. त्या दिवसांत मला कोणी विचारलं असतं तर दोर ओढायला मीच गेलो असतो. त्या खुनांबद्दल जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शाह यांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली. शहराने सुटकेचा श्वास घेतला. मीही घेतला, खोटं कशाला बोलू. वजनकाट्यापाशी उभी राहणारी ती बाई नंतर भेटली नसती, तर माझं मत तिथेच राहिलं असतं.

कायद्याने घराची दखल घ्यायला किती वेळ घेतला पाहा. 1980 मध्ये बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुर्मिळातील दुर्मिळ गुन्ह्यालाच फाशी, असं ठरवलं. घरच्यांचा प्रश्न त्यानंतरही तीस-पस्तीस वर्षं लोंबकळला. 21 नोव्हेंबर 2012 ला सकाळी येरवड्यात मुंबई हल्ल्यातल्या कसाबला फाशी झाल्याचं आम्ही टपाल लावताना ऐकलं. दफनसुद्धा आवारातच झालं. त्याच्यासाठी मला रडू आलं नाही. पण पुढच्या फेब्रुवारीत तिहारमध्ये संसद हल्ल्याच्या खटल्यातल्या अफझल गुरूला फाशी झाली आणि घरच्यांना कळवणारं स्पीड पोस्ट दोन दिवसांनी काश्मीरमध्ये पोचलं, तेव्हा आमच्या खात्याची मला लाज वाटली. चूक पत्र उशिरा टाकणाऱ्याची, हे माहीत असूनही. 21 जानेवारी 2014 ला शत्रुघ्न चौहान खटल्यात न्यायालयाने सांगितलं की दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवल्यावर किमान चौदा दिवस जाऊ द्या, घरच्यांना लेखी कळवा, शेवटची भेट होऊ द्या.

चौदा दिवस. सोयीची गोष्ट आहे, क्रूरही आहे. 2007 मध्ये पुण्यात कॉल सेंटरमधल्या एका मुलीचा खून झाला, त्या खटल्यात दोघांसाठी 24 जून 2019 ही तारीख लागली होती. तीन दिवस आधी ती थांबली आणि 29 जुलैला उच्च न्यायालयाने, फाशी रखडली म्हणून, पस्तीस वर्षांची कैद दिली. गेलेल्या मुलीच्या घरचे त्या दिवशी काय बोलले असतील, तेही मला कळतं. एका घराचं बघताना दुसऱ्याकडे पाठ फिरवता येत नाही, म्हणून तर हा प्रश्न सुटत नाही. दोर ज्याच्या गळ्यात, त्याचं पाच मिनिटांत आटपतं. तारखेची वाट बघायची सजा, कुठल्याही निकालपत्रात नाव नसलेली माणसं भोगतात. ती सुनावण्याचा हक्क सरकारला कोणी दिला, याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

खाणीतल्या त्या मुलाची फाशी उच्च न्यायालयात जन्मठेपेवर आली. बातमी मीच वाचून दाखवली. तिने ऐकून घेतलं, आणि पुढच्या पत्राच्या वेळी पुन्हा विचारलं, "यात तारीख आहे का?"

वर्षभराने येरवड्याचं पत्र घेऊन मी वजनकाट्यावर गेलो तर ती नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. झोपडीवर गेलो; पत्रे काढून नेलेले, चुलीचे तीन दगड तेवढे होते. शेजारीण म्हणाली, धाकटीचं जमलं, त्यांनी गाव सोडलं, कुठे ते सांगून गेले नाहीत. नियमाप्रमाणे मी पत्र काही दिवस कचेरीत ठेवलं. मग पाठीवर 'पत्ता न देता गेले' असा शेरा मारला, सही केली आणि परत येरवड्याच्या पिशवीत टाकलं.