केलरबिअर

केलरबिअर हा न गाळलेल्या व पाश्चरीकरण न केलेल्या जर्मन लागर बिअरचा एक प्रकार आहे. जर्मन भाषेत 'केलर' म्हणजे तळघर. सध्याच्या बव्हेरिया राज्याच्या उत्तरेकडील फ्रँकोनिया हा या बिअरचा मूळ प्रदेश मानला जातो.

इतिहास

उन्हाळ्यात तयार केलेली बिअर लवकर आंबट होत असे. म्हणून तत्कालीन बव्हेरियात १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर तयार करण्यास मनाई करण्यात आली. हिवाळ्यातील बिअर टिकवण्यासाठी टेकड्यांच्या पोटात तळघरे खोदली जात. वर सावलीसाठी चेस्टनटची झाडे लावत आणि तेथेच बिअर प्यायला दिली जाई. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी शीतयंत्र विकसित केल्यानंतर तळघरांची गरज कमी झाली. नाव मात्र टिकून राहिले.

निर्मिती

सातूचा माल्ट, हॉप, पाणी आणि यीस्ट हे घटक वापरतात. तळाशी बसणारे यीस्ट सुमारे ८ ते १२ अंश सेल्सिअसला किण्वन घडवते. त्यानंतर बिअर काही आठवडे याहून थंड ठेवून मुरवतात. यीस्ट व प्रथिने शिल्लक राहिल्याने ती गढूळ दिसते. मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे पाच टक्के असते. पिंपाचे बूच उघडे ठेवून मुरवलेल्या पारंपरिक प्रकारात फेस कमी येतो.

महाराष्ट्रात

ही बिअर फार काळ टिकत नाही व उष्णतेत बिघडते. त्यामुळे बाटलीबंद विक्रीपेक्षा जागेवरच बिअर तयार करून देणाऱ्या मायक्रोब्रुअरीला ती अधिक सोयीची ठरते. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. छत्रपती संभाजीनगर परिसरातील चित्र वेगळे आहे. तेथील वाळूज व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत बिअर व मद्याचे मोठे कारखाने असून त्यांना जायकवाडी धरणाचे पाणी मिळते.

एक लिटर बिअरसाठी धुलाई व शीतकरण धरून कित्येक लिटर पाणी लागते. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील बिअर व मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात १० मेपासून ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. पिण्याच्या पाण्याला प्राधान्य देणे हा त्यामागील हेतू होता.