पायी पाहावी अशी राजधानी

आम्ही गोदावरीकाठची माणसे सपाट मुलखात वाढलेली. परभणी, पाथरी, गंगाखेड या पट्ट्यात काळी जमीन नजर पोहोचेल तिथवर पसरलेली असते. डोंगर पाहायचे तर जिंतूरची वाट धरावी लागते. आमच्या भागातील कुटुंबे संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनासाठी गोव्याला जातात, तेव्हा जुन्या गोव्यातील बॉम जिझस बासिलिका आणि कथेड्रल पाहून माघारी फिरतात. तिथून सुमारे १० किलोमीटरवर असलेली पणजी बहुधा बसच्या खिडकीतूनच पाहिली जाते. आमचे सांगणे असे की, एक सकाळ राखून ठेवावी आणि ही राजधानी, तिची टेकडी व तिचे वाडे, पायी पाहावी. आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक अवघड धडा तिच्या गल्ल्यांत आहे.

राजधानी हलविण्याची गोष्ट मराठवाड्याला नवी नाही. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून आपली राजधानी देवगिरीस आणली आणि तिला दौलताबाद हे नाव दिले; पुढे काही वर्षांतच त्याला माघार घ्यावी लागली. ते स्थलांतर एका हुकमाने झाले. गोव्याची राजधानी मात्र रोगराईने हलविली. अल्बुकर्कने १५१० साली जिंकलेले हे नगर १५३० पासून पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी होते. पटकी आणि हिवताप यांच्या साथी वारंवार येऊ लागल्या, तसे लोक नगर सोडू लागले. १६९५ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणेलीला हलविला आणि १७५९ मध्ये पणजीच्या जुन्या आदिलशाही वाड्यात. २२ मार्च १८४३ रोजी पणजीला ‘नोव्हा गोवा’ म्हणून राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. याच पोर्तुगिजांनी १७६३ साली ब्राझीलची राजधानी साल्व्हादोरहून रिओला नेली. पण तिथे जुने शहर जिवंत राहिले. गोव्यात जुने शहर ओसाड झाले आणि त्याच्या पडक्या घरांचे दगडसुद्धा नव्या शहराच्या बांधकामासाठी नेण्यात आले. पणजी हे असे वाहून आणलेल्या वस्तूंचे शहर आहे, हे ध्यानी धरून पायी निघावे.

आरंभ निष्कलंक मातेच्या चर्चपासून करावा. येथे प्रथम १५४१ मध्ये प्रार्थनामंदिर झाले आणि १६१९ मध्ये ते नव्याने बांधले गेले. टेकडीच्या उतारावर चढत जाणाऱ्या त्याच्या नागमोडी पायऱ्या सर्वांना छायाचित्रांतून परिचित आहेत. त्यांच्या माथ्यावर टांगलेली प्रचंड घंटा मात्र मूळची येथील नव्हे. ती जुन्या गोव्यातील पवित्र टेकडीवरच्या ऑगस्टिनियन मठाची. १८३५ मध्ये गोव्यातील धार्मिक संघ बरखास्त झाले, मठ रिकामा पडला आणि १८४२ मध्ये त्याच्या चर्चचे छत कोसळले. घंटा काही काळ आग्वादच्या दीपगृहावर होती. १८७१ मध्ये ती पणजीला आली. मठाच्या ४६ मीटर उंच मनोऱ्याचा भग्न भाग आजही जुन्या गोव्यात उभा आहे. मनोरा एका गावी आणि त्याची घंटा दुसऱ्या गावी, अशी ही ताटातूट आहे.

चर्चपासून थोड्याच अंतरावर महालक्ष्मीचे देऊळ लागते. गोव्यातील जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली आणि हिंदूंनी आपल्या मूर्ती नदीपलीकडे, पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या गावी नेल्या. या देवळाच्या बांधकामास १८१८ मध्ये परवानगी मिळाली. वाहून नेण्याचा इतिहास केवळ आपलाच नव्हे, शेजाऱ्यांचाही आहे, हे इथे थांबून मुलांना सांगावे.

मग आल्तिन्होची टेकडी चढावी. चढण फार नाही. म्हाताऱ्या माणसांनाही सावकाश जमते. माथ्यावर आर्चबिशपांचे निवासस्थान आहे. फेब्रुवारी १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांचा मुक्काम येथेच होता. टेकडीच्या पूर्वेला, खाडीपलीकडे, रायबंदरकडे जाणारा सुमारे ३ किलोमीटरचा बांध आहे. व्हाइसरॉय काउंट लिन्हारिश यांच्या काळात, १६३३-३४ च्या सुमारास, तो दलदलीतून बांधण्यात आला. जुन्या राजधानीतून नव्या राजधानीकडे येण्याची खुष्कीची वाट ती हीच.

पूर्वेच्या अंगाने उतरले की माळा आणि फोंतेन्हास हे वाडे लागतात. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून फोंतेन्हास हे नाव पडले. अठराव्या शतकाच्या अखेरीस आंतोनिओ जुआंव द सिक्वेरा या गृहस्थाने येथे भराव घालून माड लावले. तो मोझांबिकहून परतला होता, म्हणून लोक त्याला ‘मोस्मीकार’ म्हणत. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींची कौलारू घरे, गल्लीवर झुकलेले सज्जे पाहून मन प्रसन्न होते. परंतु त्या काळी मोझांबिकहून येणाऱ्या जहाजांतून गुलामही आणले जात, हे विसरता येत नाही.

या वाड्याच्या एका टोकाला संत सेबास्तियनचे छोटे चॅपेल आहे. त्यातील क्रूसमूर्ती पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. ही मूर्ती जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मचौकशीच्या न्यायपीठाच्या, वाड्यातली. ते न्यायपीठ १५६० मध्ये स्थापन झाले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. पोर्तुगालमधून आलेले ज्यू वंशाचे ख्रिस्ती आणि बाप्तिस्मा घेऊनही वाडवडिलांच्या चालीरीती पाळणारे आपलेच बांधव तिथे आरोपी म्हणून उभे राहत. न्यायपीठ बंद झाल्यावर मूर्ती पणजीच्या राजवाड्यातील चॅपेलमध्ये व १९१८ मध्ये येथे आली. सामान्यतः क्रुसावरील ख्रिस्ताचे मस्तक झुकलेले व डोळे मिटलेले असतात; येथे मस्तक ताठ आहे आणि डोळे उघडे आहेत. आरोपीच्या मनात धाक बसावा म्हणून ती तशी घडविली, असे म्हणतात.

आता मुलांनी विचारले की, येशूसमोर उभे करून माणसांना भय का घातले, तर आपण काय उत्तर द्यावे? विषय बदलणे सोपे आहे. तो काळच तसा होता, असे म्हणणेही सोपे आहे. आमच्या मते खरे तेच सांगावे: हे आपल्या ख्रिस्तसभेच्या माणसांनी केले आणि ते चूक होते. असे बोलल्याने श्रद्धा उणी होत नाही. टेकडीवरच्या त्या घरी मुक्काम केलेल्या पोप जॉन पॉल दुसरे यांनीच १२ मार्च २००० रोजी रोममध्ये, संत पेत्राच्या बासिलिकेत, सत्याच्या सेवेच्या नावाखाली असहिष्णु मार्ग अवलंबिल्याबद्दल ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या वतीने देवाची क्षमा मागितली.

न्यायपीठाचा वाडा केव्हाच जमीनदोस्त झाला. मूर्ती मात्र कुणी टाकून दिली नाही; माणसांनी ती खांद्यावरून आणून वस्तीतल्या चॅपेलमध्ये ठेवली आणि आज तिच्यापुढे शेजारपाजारच्या बायका मेणबत्ती लावतात. जिच्यासमोर एके काळी माणसे थरथरली, तिच्यासमोर आता ती आपल्या आजाऱ्यांसाठी मागणे मागतात. त्या उघड्या डोळ्यांसमोर आपल्या मुलांसह क्षणभर गुडघे टेकावेत, आणि ज्यांची चौकशी झाली त्यांच्यासाठी एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणावे.