बस खिरेश्वरला उभी होती

ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याचे सहा जण तोलार खिंडीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर निघाले. धुक्यात वाट चुकली, भर पावसात रात्र जंगलात काढावी लागली आणि त्यांतला एक थंडीने गेला. बातमी वाचून अनेकांना एकच प्रश्न पडला: महाराष्ट्रात, तेही पावसाळ्यात, थंडीने माणूस मरतोच कसा?

याचं उत्तर तासांच्या हिशेबातच द्यावं लागतं. खालचा घटनाक्रम त्या सहा जणांचा नाही. यातला गट आणि त्याचा रविवार प्रातिनिधिक आहे. जुलैअखेरची कुठलीही सुट्टी धरा, बेचाळीस माणसं, तीन लीडर आणि एक बस. वाट, हवा आणि शरीराचे नियम मात्र खरे आहेत.

शनिवार, दुपारी १ (३५ तास आधी)

हवामान खात्याने पुण्याच्या घाटमाथ्याला ऑरेंज अलर्ट दिला आहे. खात्याच्या भाषेत हा ‘अति मुसळधार’ पाऊस, चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, ‘ट्रेक आहे ना?’ उत्तर लगेच येतं: ‘आहे म्हणजे काय! पावसातच तर मजा.’

बसचा ॲडव्हान्स गेलेला आहे. ट्रेक रद्द केला तर बेचाळीस जणांचे पैसे परत करावे लागतील, आणि पुढच्या शनिवारी यातले निम्मे दुसऱ्या ग्रुपबरोबर जातील. अलर्ट सगळ्यांनी वाचला आहे. त्याचा अर्थ आपल्यापुरता काय, हे कुणी कुणाला विचारलेलं नाही.

शनिवार, रात्री ११ (२५ तास आधी)

शिवाजीनगरहून बस सुटायची वेळ. दोघं यायचे आहेत, मग नाशिक फाट्याला चौघं. बस पाऊण तास उशिरा हलते. मागच्या बाकांवर गाणी सुरू होतात, नारायणगावला चहा होतो. झोप कुणालाच नाही.

खिडकीजवळ एक तिशीतला तरुण आहे. पहिलाच पावसाळी ट्रेक, आठवडाभर ऑफिसात उशिरापर्यंत काम. अंगात सुती टी-शर्ट आणि जीन्स, पाठीवर कॉलेजची सॅक, आत शंभर रुपयांचा प्लास्टिकचा पोंचो. सूचनांच्या यादीत ‘रेनकोट’ होता. ‘सुती कपडे नकोत’ हे तिसऱ्या पानावर होतं.

रविवार, पहाटे ५ (१९ तास आधी)

आळेफाटा, ओतूर, खुबी फाटा आणि पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने खिरेश्वर. गावात एका घरी चहा-पोहे आहेत, पण बेचाळीस माणसांना एक मोरी. नाश्ता, ओळखपरेड, ग्रुप फोटो. सहाला निघायचं ठरलं होतं, निघायला सव्वासात झाले. आतापर्यंत सव्वा तास गेला आहे आणि तो कुणाच्याही वहीत खर्ची पडलेला नाही.

सकाळी ९.४० (१४ तास २० मिनिटं आधी)

तोलार खिंड. इथे वाघाचं जुनं शिल्प आहे. खिंडीपलीकडे वाट कोथळ्याला उतरते, आणि डावीकडून कातळटप्प्यावर लोखंडी रेलिंगच्या आधाराने गडाची चढण सुरू होते. आज त्या कातळावरून पाणी धो धो वाहत आहे.

गुरं घेऊन आलेले गावातले एक मामा कांबळं पांघरून उभे आहेत.

‘दादा, किती जण हाय?’

‘बेचाळीस, मामा.’

‘मग खिंडीतूनच फिरा माघारी. वर आज काय दिसायचं न्हाई. आन् दुपारनं वढं फुगत्यात.’

लीडर पंचविशीतला आहे, गड त्याने चार-पाचदा केलेला आहे. तो हसून म्हणतो, ‘बघतो मामा, थोडं वर जाऊन.’ मागे बेचाळीस जण उभे आहेत. गडावरच्या कोकणकड्याचे फोटो बघूनच त्यांनी पैसे भरलेत.

परत फिरायचा सगळ्यात स्वस्त क्षण हाच होता. इथून खिरेश्वर तासाभरावर आहे, सगळे एकत्र आहेत, उजेड आहे. पण माघारी कधी फिरायचं याची वेळच ठरलेली नव्हती, त्यामुळे ती टळल्याचं कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता.

सकाळी १०.३० (१३½ तास आधी)

रेलिंगवर एका वेळी एकच जण. काहींचे पाय थरथरतात, काही जण मधेच अडकतात. बेचाळीस जण वर यायला दीड तास लागतो. जे आधी पोहोचले ते वाऱ्यात थांबून राहतात.

चालणारं शरीर ऊब तयार करत असतं. ओल्या कपड्यांत वाऱ्यात थांबलेलं शरीर ती फक्त गमावतं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि सुती कापड ते पाणी अंगालाच धरून ठेवतं. वरचं तापमान सतरा-अठरा अंश असेल. कोरड्या माणसाला हा सुखद गारवा वाटतो. भिजलेल्या, उपाशी, रात्रभर जागलेल्या माणसाला तो पुरेसा घातक आहे. त्यासाठी बर्फ लागत नाही. त्या तरुणाचा पोंचो तर पहिल्याच झोतात काखेपासून फाटलेला आहे.

दुपारी १.४५ (१०¼ तास आधी)

टेकड्यांचे चढउतार आणि रान पार करून सगळे हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी येतात. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी कमरेच्या वर आहे, चारांपैकी उरलेला एकच खांब धुक्यात दिसतो. पायथ्याच्या पाचनई गावातल्या लोकांच्या झोपड्यांत पिठलं-भाकरी मिळते, पण रांग मोठी. आपला तरुण दोन बिस्किटं खातो आणि म्हणतो, ‘भूक नाही रे.’ दात वाजत आहेत. मित्र त्याला हसतात. दात वाजणं हे शरीराचं काम चालू असल्याचं लक्षण. शरीराचं तापमान ३५ अंशांकडे घसरू लागलं की ते अशी ऊब तयार करू पाहतं.

दुपारी ३.३० (८½ तास आधी)

काही जण ‘एवढं आलोय तर’ म्हणून कोकणकड्यावर जाऊन आले. समोर पांढरी भिंत, फोटोही नाहीत. त्यात पाऊण तास गेला.

या घडीला गटासमोर तीन वाटा आहेत. पहिली, गडावरच मुक्काम: देवळाशेजारी गुहा आहेत, झोपड्या आहेत, चूल आहे, वाट माहीत असलेली माणसं आहेत. दुसरी, पाचनईला उतरणं: ही गडाची सोपी वाट, साधारण दोन तासांची, आणि सोबत पाचनईचंच कुणीतरी मिळालं असतं. तिसरी, आल्या वाटेने तोलार खिंड: सगळ्यात लांब, ओढ्यांची, आणि शेवटी अंधारात तो वाहता कातळ.

गट तिसरी निवडतो, कारण बस खिरेश्वरला उभी आहे. पाचनई अकोले तालुक्यात, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. बस तिकडे वळवायची तर कित्येक तासांचा फेरा, वर ड्रायव्हरचे जादा पैसे. मुक्काम करायचा तर सोमवारचं ऑफिस बुडणार. झोपडीतल्या मावशी म्हणतात, ‘ऱ्हावा आजची रात, जागा हाय.’ त्यांना कुणी नीट उत्तरही देत नाही.

संध्याकाळी ५.१५ (६¾ तास आधी)

सकाळी घोट्याएवढा होता तो ओढा आता मांडीपर्यंत आहे. पुढचे पस्तीस जण हाताची साखळी करून पार होतात आणि ऊब टिकवायला तसेच चालत राहतात. मागे सात जण आणि मागचा लीडर. तरुण सारखा अडखळतो आहे, बोलताना शब्द ओढतो आहे, कुणी धीर दिला की चिडतो आहे. थकलाय, असं सगळ्यांना वाटतं. अडखळणं, पुटपुटणं, हातातून वस्तू सुटणं, उगाच चिडणं ही गारठ्याने मेंदू मंदावल्याची खूण आहे, हे लीडरला कुणी शिकवलेलं नाही.

दोन लीडर पुढे आणि एक मागे, मधे कुणीच नाही. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. गडावर गुरांच्या वाटा चिक्कार, आणि पावसाळ्यात त्या खऱ्या वाटेइतक्याच रुळलेल्या दिसतात. अशाच एकीवरून हे आठ जण उतरू लागतात.

संध्याकाळी ६.४५ (५¼ तास आधी)

वाट कारवीत संपते, पुढे दरीची चाहूल. सूर्यास्ताला थोडा वेळ आहे, पण रानात अंधार झालेला. आठ जणांत दोन हेडटॉर्च. मोबाइल भिजलेले, बॅटऱ्या दिवसभर व्हिडिओ काढून संपत आलेल्या, रेंज नाही.

इथे लीडर एक शहाणपणाची गोष्ट करतो. अंधारात कड्याकडे न जाता सगळ्यांना एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसवतो. पण सॅकमध्ये कोरडा कपडा कुणाकडे नाही, प्लास्टिकची मोठी शीट नाही, थर्मास नाही. कुणीतरी क्वार्टर काढतो, ‘एक घोट घे, गरम वाटेल.’ दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात. ऊब वाटते खरी, पण आतली उष्णता आणखी वेगाने बाहेर पडते.

रात्री ८ (४ तास आधी)

तरुणाचं थरथरणं थांबतं. सगळ्यांना हायसं वाटतं: ‘शांत झाला, झोपू दे.’

शरीराचं तापमान ३२ अंशांच्या आसपास उतरलं की थरथर थांबते. ती थांबली म्हणजे ऊब तयार करायचं शेवटचं यंत्र बंद पडलं. थोड्या वेळाने तो गरम होतंय म्हणून टी-शर्ट काढायला बघतो. हीही गंभीर गारठ्याची ओळखीची खूण आहे, पण भ्रम म्हणून ती सोडून दिली जाते.

रात्री ८.५० (३ तास १० मिनिटं आधी)

एक जण थोडा वर चढून जातो आणि रेंजची एक काडी मिळते. ११२ ला फोन लागतो. नेमके कुठे आहात, याला त्याच्याकडे उत्तर नाही. गड पुणे, ठाणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे, त्यामुळे कुठलं ठाणं जवळचं हे ठरवायलाही वेळ जातो. फोन कंट्रोल रूममधून पोलीस ठाण्याला, तिथून पाचनईला, आणि शेवटी देवळाजवळच्या झोपडीत पोहोचतो. डोंगरातल्या जवळजवळ प्रत्येक अपघातात पहिली मदत गावकऱ्यांचीच येते. गिर्यारोहकांची बचाव पथकंही निघतात, पण ती शहरांतून निघतात.

पुढचे पस्तीस जण याच सुमारास रेलिंग उतरून खिंडीत आले आहेत. मोजणी तिथे पहिल्यांदा होते.

रात्री १२

टॉर्च, कांबळी आणि चुलीवरचा काळा चहा घेऊन पाचनईचे चौघं हाका मारत पोहोचतात. सात जण शुद्धीवर आहेत. आठव्याची नाडी हाताला लागत नाही.

गारठ्यात नाडी इतकी मंदावते की बोटांना कळत नाही. म्हणून शरीराला ऊब दिल्याशिवाय माणसाला मृत म्हणू नये, असा वैद्यकाचा नियम आहे. गावकऱ्यांनी तो वाचलेला नाही, तरी ते पाळतात. ओले कपडे काढून त्याला कांबळ्यात गुंडाळतात, बांबूची झोळी करतात आणि पाचनईची वाट धरतात, जी दुपारी साडेतीनला रिकामी होती. पहाटे ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर मृत्यूची नोंद करतात.

हिशेब

दुसऱ्या दिवशी ‘निसर्गाचा कोप’ आणि ‘अतिउत्साह’ हे दोन शब्द सगळीकडे फिरतील. दोन्ही चुकीचे आहेत. पाऊस अंदाजाप्रमाणेच पडला. तरुणाने कुठेही धाडस केलं नाही, कड्याच्या टोकावर सेल्फी काढला नाही, तो लीडरच्या शब्दाबाहेर गेला नाही. त्याला मारलं ते वेळापत्रकाने: रात्रभर प्रवास, झोपेविना चढाई आणि सोमवारी सकाळी ऑफिस. या चौकटीत उशिराला जागा नाही आणि मुक्कामाला तर मुळीच नाही. त्यामुळे प्रत्येक वळणावर सुरक्षित पर्याय ‘परवडत नाही’ म्हणून बाद होत गेला.

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची तरतूद आहे. ती आहे का, हे विचाराच. पण कागदाने वाट दिसत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकाला आणखी चार प्रश्न विचारा. किती वाजता, कुठून माघारी फिरणार? ऑरेंज अलर्ट आला तर पैसे परत की तारीख पुढे? किती माणसांमागे एक लीडर, आणि त्यांतले किती जण प्रथमोपचार शिकलेत? स्थानिक वाटाड्या बरोबर आहे का? यातल्या एकाचंही उत्तर ‘बघू तिथे गेल्यावर’ असं आलं, तर तो ट्रेक सोडा.

सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेला एक कोरडा जोड, लोकरी टोपी, हेडटॉर्च आणि गूळ-शेंगदाणे ठेवा. बरोबरचा माणूस अडखळायला, पुटपुटायला लागला तर तो थकलाय असं धरू नका. आडोसा, कोरडे कपडे, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय, हे तिथेच आणि तेव्हाच. आणि सोमवारची रजा शनिवारीच टाकून ठेवा. गडावर राहायची वेळ आली तर ‘राहतो’ म्हणता आलं पाहिजे.