सती-उन-निसा खानम : मुघल अंतःपुरातील विदुषी

मुघल अंतःपुरातील सेविका सत्ताहीन होत्या, हा समज सती-उन-निसा खानमच्या चरित्राने दूर होतो. जहांगीराचा राजकवी तालिब आमुली याची ही बहीण वैधव्यानंतर मुमताजमहलच्या सेवेत आली. फारसी साहित्य व वैद्यक यांतील विद्वत्तेमुळे ती बेगमेची मोहरदार आणि शाहजादी जहांआराची शिक्षिका झाली. निराधार स्त्रियांची गाऱ्हाणी बेगमेपुढे मांडून ती त्यांना साहाय्य मिळवून देई. १६३१ मध्ये बुऱ्हाणपूर येथे निधन पावलेल्या मुमताजचे पार्थिव आग्र्यास नेताना ती शाहजादा शुजासोबत होती. १६४७ मध्ये लाहोरला तिचा मृत्यू झाला. पुढे तिचा देहही आग्र्यास आणण्यात आला. बेगमेपर्यंत स्वतः पोहोचू न शकणाऱ्या स्त्रियांसाठी दरबाराचे दार तिच्यामुळे उघडत असे. म्हणूनच तिचे स्थान बेगमेच्या चरित्रातील तळटीपेपुरते मर्यादित राहू नये.